एक बोट हो, दोन बोटं नाही

सोमवार, ४ फेब्रुवारी

तिरकेमामा साहेबांना नमस्कार.

पहिल्याच ओळीत आगाऊपणा झाला असेल तर माफ करा. तुमचं खरं नाव मला माहीत आहे, पण आमच्या घरात ते कुणी कधी घेतलं नाही. टीव्हीवर तुम्ही खुर्चीत कधी सरळ बसला नाहीत, म्हणून आमच्या हिने तुम्हाला तिरकेमामा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. तुमच्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून टीव्ही केंद्राच्या पत्त्यावर पाठवतोय. पाकिटावर 'कृपया पोचवावे' असं लाल पेनाने लिहिलंय. लाल अक्षर बघून कुणी हे विजेचं बिल समजेल आणि बाजूला टाकेल, अशी धास्ती वाटते. पण दुसरं पाकीट घरात नाही. माझी शाळा मधेच सुटली, तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नका.

तुम्हाला मी आठवत नसेन. 'कामाचा माणूस'मध्ये मी एकदा पाहुणा होतो. पाहुण्याने तोंड उघडायचं नाही, हो म्हणायचं तर हिरवा दिवा लावायचा, नाही म्हणायचं तर तांबडा, आणि तुम्ही चौघांनी नुसते प्रश्न विचारून त्याचं काम ओळखायचं. मी शिट्ट्यांच्या कारखान्यात होतो. तयार झालेली प्रत्येक शिट्टी वाजवून पाहायची, हे माझं काम. आमची ही तेव्हा सगळ्यांना सांगायची, "जगातल्या प्रत्येक पोलिसाच्या तोंडात आमच्या ह्यांचं उष्टं आहे."

तुमच्या शेजारच्या तिघांनी मला खाटीक ठरवलं, मग पोस्टमन, मग दातांचा डॉक्टर. तुम्ही खुर्चीत कलंडून विचारलंत, "तुमच्यामुळे माणसं जागच्या जागी थांबतात?" मी हिरवा दिवा लावला. "काही पळत सुटतात?" हिरवा. "काम करताना तुमचे गाल फुगतात?" हिरवा. "मग तुम्ही माझे सासरेच," तुम्ही म्हणालात, आणि लोक हसायचे थांबण्याआधीच, "शिट्टी फुंकता तुम्ही. हवेवर पोट भरणारे योगी ऐकले होते, पगारी आज पाहिला." तुम्ही कसं ओळखलंत ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. घरी आल्यावर ही म्हणाली, "तो माणूस डोक्यात शिरून बघतो."

तुमचे कार्यक्रम हल्ली दुपारी परत दाखवतात. त्या गावच्या मोठ्या घड्याळाला चावी देणाऱ्या माणसाचा भाग गेल्या आठवड्यात लागला होता. तुम्ही त्याला विचारलंत, "तुम्ही उशिरा गेलात तर साहेब ओरडतात?" त्याने तांबडा दिवा लावला. तुम्ही म्हणालात, "कसे ओरडतील? तुम्ही पोचल्याशिवाय नऊ वाजतच नाहीत." मला हसू आलं आणि मी सवयीने हिच्याकडे बघितलं.

तेच लिहायचं आहे. हिवाळा सुरू झाला तेव्हा हिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी चालतात. कळतं सगळं. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येणार नाही असं समजून चाला. मग मी तुमच्या कार्यक्रमासारखं केलं. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. चहा? एक बोट. खिडकी लावू? दोन बोटं. बरं चाललं होतं.

पण तीन-चार आठवडे झाले, हिला काहीतरी सांगायचं आहे. माझी बाही धरते, सोडत नाही, डोळे माझ्यावर रोखते आणि घशातून आवाज काढते. मी विचारत जातो आणि ही दोन बोटं दाखवत जाते. मग दमते, रडते, तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात दुसरा झटका कधीही येईल. मला प्रश्न विचारता येत नाहीत, मामा. मी जन्मभर शिट्ट्या फुंकल्या. तुम्ही चार प्रश्नांत माणूस उघडता. मला प्रश्न लिहून पाठवा, मी एकेक करून विचारतो. तिच्या मनात काय आहे ते तिच्याबरोबर जाऊ नये, एवढंच.

आपला,
शिट्टीवाला


शुक्रवार, १५ फेब्रुवारी

तिरकेमामा साहेबांना,

पत्र पोचलं नसावं. पोचलं असेल आणि तुम्ही आजारी असाल तर हे पत्र वाचायची घाई करू नका. तसं म्हणवत नाही, पण म्हणतो.

मी काय काय विचारलं ते सांगतो, म्हणजे तुमचे प्रश्न वाया जायचे नाहीत. कुठे दुखतं का, नाही. देवाचं काही करायचं राहिलं का, नाही. दागिने कुणाला द्यायचे ते सांगायचंय का, तर दोन बोटं, आणि वर माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमलो. मुलाला बोलवू का, नाही. मुलगा बोटीवर नोकरीला असतो, सहा महिन्यांनी येतो. सूनबाई इथे आहे. तिच्याबद्दल काही तक्रार आहे का, असं मी हळूच विचारलं. ती नेमकी दारात होती.

"विचारा, विचारा," सूनबाई म्हणाली. "आई हो म्हणाल्या तर मी माहेरी जाते, तुम्ही बसा अंथरुणं बदलत."

हिने दोन बोटं वर केली आणि तोंडाच्या चालणाऱ्या बाजूने हसलीसुद्धा. झटक्यानंतर पहिल्यांदा. मग परत माझी बाही धरली.

सूनबाई स्वभावाने वाईट नाही. तिखट आहे. ती म्हणते मी प्रश्न विचारत नाही, उलटतपासणी घेतो. काल म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं विचारून झालं, एकच सोडून." मी म्हटलं कोणतं, तर ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहिली. तिच्या मनात काय होतं कोण जाणे.

एक निरीक्षण लिहितो, तुम्हाला उपयोगी पडेल. रविवारी दुपारी हिचं जास्त होतं. रविवारी हिच्या मोठ्या बहिणीचा फोन यायचा. आक्काचा. दोघी तासभर बोलत. बोलणं काय, आक्का कुणाची तरी खोड काढायची आणि ही हसायची. झटक्यानंतरही आक्का फोन करायची, मी रिसीव्हर हिच्या कानाला लावून बसायचो. हल्ली फोन येत नाही. आक्काच्या घशाला त्रास आहे, तिला बोलायला मनाई आहे, असं मी हिला सांगितलंय. तेव्हा तो विषय नाही. रविवारी दुपारी जेवण जड होतं, म्हणूनही असेल.

काल 'रिकामी जागा' लागलं होतं. "माझ्या नवऱ्याला अमुकशिवाय झोप येत नाही", गाळलेला शब्द भरा. सगळ्यांनी उशी लिहिलं होतं. तुम्ही पाटी उलटी केलीत तर तीवर लिहिलं होतं, 'माझ्या बोलण्या'. हा भाग पहिल्यांदा लागला तेव्हा ही आठ दिवस मला झोपताना म्हणायची, "थांबा, झोपू नका, मी अजून बोलले कुठे." काल मी टीव्ही बंद केला. तुमचा अपमान म्हणून नव्हे.

प्रश्न पाठवा. नुसते दोन-तीन पाठवलेत तरी चालतील.

आपला,
शिट्टीवाला


रविवार, २४ फेब्रुवारी

मामा साहेब,

तिसऱ्यांदा लिहितोय. राग मानू नका.

हिने तोंड उघडायचं बंद केलंय. चमचा नेला की ओठ मिटते. काल सकाळपासून ओठ ओले करण्याइतकं पाणी गेलंय. मी हात जोडले, ओरडलो, मग पाया पडलो. सूनबाईने मला खोलीबाहेर काढलं. "बाबा, तुम्ही बाहेर बसा, तुमच्यामुळे आईंचा जीव घाबरतो." मी बाहेर बसलो आणि खिडकीची कडी लागते का ते बघत राहिलो. ती लागते. मला ठाऊक आहे ती लागते.

गेल्या पत्रात एक गोष्ट नीट लिहिली नव्हती. आक्का जानेवारीत गेली. झोपेतच गेली, मागे त्रास नाही, पुढे त्रास नाही. भाचीचा फोन आला तेव्हा ही झोपली होती. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका, धक्क्याने दुसरा झटका येईल. एवढ्यात म्हणजे कधीपर्यंत ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या रविवारी फोनची वेळ झाली तेव्हा घशाचं तोंडातून निघून गेलं. पुढच्या रविवारी तेच परत सांगितलं. आता आक्काचा घसा आमच्या घरात ठाण मांडून बसलाय.

हे तुम्हाला एवढ्यासाठीच सांगितलं की त्या बाजूचे प्रश्न पाठवू नका. बाकी कुठलेही पाठवा. मनाला येतील ते पाठवा. त्या घड्याळवाल्यासारखे वेडेवाकडे चालतील. ही हसली तर ओठ उघडतील आणि मी चमचा घालीन.

उशीर करू नका. मी पाया पडतो असं समजा.

शिट्टीवाला


बुधवार, ६ मार्च

साहेब,

तुमचं पत्र आलं. तुमच्या पुतणीचं अक्षर सुंदर आहे. तुम्हाला आता कमी दिसतं, पत्रं ती वाचून दाखवते, हे वाचून वाईट वाटलं.

बाकीचं वाचून जास्त वाईट वाटलं.

तुम्ही लिहिता, "मी कधी काही ओळखलं नाही. कार्यक्रमाआधी निर्माता माझ्या खोलीत येऊन कानात सांगायचा, आज घड्याळाला चावी देणारा आहे, आज शिट्ट्यावाला आहे. ओळखणारे तिघं होते, मी हसवायला होतो. उत्तर ठाऊक असलं की वाकडे प्रश्न भराभर सुचतात."

म्हणजे सासऱ्याचं तुम्हाला आधीच सुचलं होतं. मी तिथे घामाघूम होऊन दिवे लावत होतो आणि तुम्हाला ठाऊक होतं. मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं की तुम्ही माणसाच्या डोक्यात शिरून बघता. हिला सांगितलं. मुलाला सांगितलं. आज महिनाभर तुमच्या भरवशावर बसलोय. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी कागदाची आहे हे तरी आधी सांगायचं होतंत.

मी पत्र चुरगाळून टाकलं. सूनबाईने उचललं, सरळ केलं, उभ्यानेच वाचलं. मला म्हणाली, "खालचं वाचलंत का?" मी म्हटलं, खालचं वाचायची गरज नाही. तर तिने मोठ्याने वाचलं. हिला ऐकू जाईल म्हणून मी तिला गप्प करायला गेलो. ती मोरीत गेली, आतून कडी लावली आणि दारामागून वाचत राहिली.

तुम्ही लिहिलंय, "मला एकदाच पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं. त्या सकाळी मी बायकोला दवाखान्यात ठेवून आलो होतो. समोर तिघं विचारत होते, लोक हसत होते, मी दिवे लावत होतो. माझ्या मनात एकच, तिचं काय झालं ते कुणी सांगेल का. हिरवा दिवा होता, तांबडा दिवा होता. विचारायचा दिवा नव्हता. शिट्टीवाले, तुमच्या बाईंना काही सांगायचंय हे तुम्ही ठरवून टाकलंय. त्यांना काही विचारायचं असलं तर त्यांनी कोणतं बोट वर करावं?"

मोरीचं दार उघडलं. सूनबाईने पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. मी ती खिशात ठेवली.

दुपारी मी हिच्याजवळ गेलो. उशी सारखी केली. पांघरूण सारखं केलं. मग विचारलं, "अगं, तुला काही विचारायचंय का?"

एक बोट. मामा, तिने बोट उचललं नाही, फेकलं. पलंगाच्या कठड्यावर आपटलं. आणि डोळे मिटून घेतले. ओझं उतरवून ठेवल्यावर हमाल मिटतो तसे.

पुढचं मी विचारलं नाही. दूध उतू जाईल म्हणून आत गेलो. गॅसवर दूध नव्हतं.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. पण पत्राबद्दल आभार.

शिट्टीवाला


मंगळवार, १२ मार्च

तिरकेमामा,

काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो.

पुढचा प्रश्न मला माहीत होता. तुम्ही म्हणता ना, उत्तर ठाऊक असलं की वाकडे प्रश्न सुचतात, तसे मला सुचले. डॉक्टरांबद्दल विचारायचंय? मुलाची बोट कुठे पोचली ते? सून एवढी कशाला रागावते ते? दोन बोटं, दोन बोटं. तिसऱ्या वेळी तर हात उचलायचाही कंटाळा केला, नुसतं बघत राहिली. लग्नानंतर हिने पहिल्यांदा स्वयंपाक केला आणि मी खोटं खोटं चांगलं म्हटलं, तेव्हा हिने असंच बघितलं होतं.

शनिवारी मी डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजोबा, धक्क्याचं मी म्हणालो होतो, खरं आहे. पण नुसत्या सलाइनवर किती दिवस काढणार, त्या काही खात नाहीत, तेही मला कळतंय. आता मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही." त्यांच्याकडेही दोनच दिवे, आणि त्यांनी दोन्ही बंद ठेवले.

रविवारी फोनची वेळ झाली. मी टीव्ही लावला नाही. सूनबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. आदल्या दिवसाचेच कपडे परत पिळून घेऊन गेली, हे मी बघितलं.

मी हिचा डावा हात हातात घेतला. म्हटलं, "आक्काबद्दल विचारायचंय?"

एक बोट.

"फोन का येत नाही ते?"

दोन बोटं. मला वाटलं चुकलं, म्हणून परत विचारलं. परत दोन.

"घसा बरा झाला का, ते?"

तिने बोटं वरच केली नाहीत. हात माझ्या हातातून काढून घेतला आणि माझ्या तोंडावर ठेवला. पुरे झालं, अशा अर्थाने. मग हात परत चादरीवर ठेवला आणि वाट बघत राहिली.

मी म्हटलं, "आक्का आहे का, असं विचारायचंय."

एक बोट. ते तसंच वर ठेवलं.

आता उत्तर मला द्यायचं होतं. त्या वेळी घरात आवाज असणारा मी एकटा. तोंड उघडलं तर घशातून तिच्यासारखाच आवाज आला, नुसती घरघर. शब्द एकही नाही. तेव्हा मी हात वर केला. तिला नीट दिसावं म्हणून खिडकीच्या उजेडात धरला आणि दोन बोटं दाखवली.

ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. बोटांकडे बघत होती. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता झटका येतो. मी तिच्या छातीवर कान ठेवायला वाकलो, तर तिने मला बाजूला सारलं. रडली, पण एका डोळ्याने, कारण दुसऱ्यातून येत नाही. मग परत एक बोट वर केलं. मला समजलं. मी म्हटलं, "त्रास झाला का, असं?" एक बोट. मी दोन बोटं दाखवली. "झोपेत गेली का?" तिने एक बोट वर केलं आणि उत्तराला थांबली. मी एक बोट वर केलं. मग "मला आधी का नाही सांगितलंत" असं तिला विचारायचं असणार, पण त्याला हो-नाहीचं उत्तर नाही. ते तिने विचारलं नाही. मीही सुचवलं नाही.

सूनबाई खाली आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. तिने रिकामी बादली ठेवली आणि हिच्या पायांशी बसली. "आक्कांचं कळलं ना, आई," म्हणाली. "त्यांनी मला लग्नात काय म्हटलं होतं माहितेय? म्हणाल्या, तुझी सासू बोलून बोलून तुला मारेल, कानात कापूस ठेव." हिच्या घशातून आवाज आला. हसण्याचा असावा.

ही चांगली बातमी म्हणून लिहीत नाहीये. खाणं परत सुरू झालं असं तुम्हाला वाटेल. काल दोन चमचे दूध गेलं, ते बाहेर आलं. डॉक्टर येऊन गेले, नाडी बघितली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, मुलाला कळवा. बोट समुद्रात आहे. केंद्राने तुम्हाला माझं पत्र पोचवलं तसं त्यांच्या कंपनीनेही पोचवलं तर बरं. मला रात्री झोप नाही आणि दिवसा बसवत नाही. आता तिला माझ्याकडून काही नको आहे, बाही धरत नाही. ते मला जास्त भीतीचं वाटतं.

आज सकाळी उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती, म्हणून मी पडदा ओढायला उठलो. काहीही विचारलं नव्हतं. शपथेवर सांगतो, एक शब्द बोललो नव्हतो. मागे वळलो तर तिचं एक बोट वर होतं.

मी म्हटलं, "कशाला हो म्हणतेयस?"

बोट तसंच. डोळे माझ्यावर, शांत. मी विचार करत बसलो की तिला कोणता प्रश्न ऐकू आला असेल. मी विचारायला धजलो नव्हतो, असे माझ्याजवळ बरेच होते.

शेवटी मी तिच्या शेजारी बसलो आणि माझंही एक बोट वर केलं.

शिट्टीवाला